भांडणं कोरड्या दिवसांतच करून घ्या

वाचकाचं पत्र:

"आमची वस्ती नदीच्या वळणावर आहे, साधारण चारशे घरांची. बारा वर्षांपूर्वी मोठा पूर आला आणि त्यानंतर आम्ही आपत्ती समिती केली. भोंगा आहे, होडी आहे, कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे याची यादी आहे. बाहेर कसं पडायचं ते लहान मुलंही सांगतील. गेल्या बैठकीत मी विचारलं, पाणी ओसरल्यावर सहा महिन्यांनी आपण कुठे असू? दोन वर्षांनी कुठे असू? सगळे गप्प. मग एक आजोबा म्हणाले, 'भरल्या घरात असं अभद्र बोलू नये.' तरुण मुलं म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू, सरकार आहे, संस्था आहेत. मला मात्र हा विषय सोडवत नाही. काठावरची तीसेक घरं लहान पुरातही बुडतात आणि पुन्हा तिथेच उभी राहतात. त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. त्यातलं एक घर माझ्या मावससासूबाईंचं आहे. आमच्यात ना कोणी इंजिनियर, ना नगररचनाकार. आमच्यासारख्यांनी पुढच्या पाच-दहा वर्षांचा विचार आधीच करणं जमेल का? आणि ते बरं दिसतं का?"

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. बरं दिसतं. आजोबांचा राग मात्र मानू नका. ज्याने एक पूर अंगावर घेतला आहे त्याला नुसतं नाव काढलं तरी पाणी पुन्हा उंबऱ्याशी आल्यासारखं वाटतं. त्यांना एवढंच विचारा की होडी घेतली तेव्हाही आपण पुराचंच नाव घेतलं होतं ना? जीव वाचवायची तयारी अभद्र नव्हती, तर वाचलेल्या जिवांनी पुढे राहायचं कुठे, हे ठरवणं अभद्र कसं होईल?

"तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणणाऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते. तेव्हा बघायला वेळच नसतो. रॉबर्ट ओल्शान्स्की या अमेरिकन नगररचना अभ्यासकाने जपानमधलं कोबे आणि अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स या दोन्ही शहरांची आपत्तीनंतरची पुनर्उभारणी जवळून पाहिली. त्याच्या मांडणीचा गाभा असा, की आपत्तीनंतर काळ आवळला जातो. एरवी जी वस्ती उभी राहायला दोन-तीन पिढ्या लागतात ती काही वर्षांत उभी करायची असते. पैसा, सिमेंट, ठेकेदार लवकर येऊ शकतात. माणसांचं आपापसात बोलणं, शंका, समजूत, विश्वास यांना मात्र घाई करता येत नाही. म्हणून निर्णय पुढे पळतात आणि माणसं मागे राहतात.

कोबेचं उदाहरण पाहा. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंप झाला, ६,४०० हून अधिक माणसं गेली. बरोबर दोन महिन्यांनी, १७ मार्चला, शहराने सर्वाधिक उद्ध्वस्त भागांच्या पुनर्रचनेचे आराखडे मंजूर केले. कुठून रुंद रस्ता जाणार, कुठे बाग होणार, कोणाच्या जागेचा तुकडा त्यात जाणार, हे सगळं त्यात होतं. घरं गमावलेले कित्येक लोक तेव्हा शाळांच्या सभागृहांत जमिनीवर झोपत होते. लोक चिडले, मोर्चे निघाले. प्रशासनाचीही एक बाजू होती: नव्या बांधकामांवरची बंदी कायद्याने दोनच महिने टिकणार होती, पुढे जो तो जुन्याच अरुंद गल्लीत घर बांधायला मोकळा झाला असता. दोन्ही बाजूंचं खरं होतं आणि दोघांच्याही हातात वेळ नव्हता.

त्याच शहरात मानो नावाची एक गरीब, दाट वस्ती होती. तिथल्या लोकांनी १९६० च्या दशकापासून कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध लढा दिला होता. पुढे त्यांनी स्वतःची नियोजन समिती केली आणि गल्ल्या, बागा, म्हाताऱ्यांची देखभाल यावर वर्षानुवर्षं वाद घातले. भूकंपाच्या दिवशी आग लागली तेव्हा शेजाऱ्यांनी बादल्यांची साखळी केली, जवळच्या एका कारखान्याचं आगपथक धावून आलं आणि आग पसरायची थांबली. पुढच्या आठवड्यांत कोण कुठे आहे, कोणाला काय हवं आहे, हे ती वस्ती स्वतः सांगू शकत होती. हे बळ त्या सकाळी आलेलं नव्हतं. तीस वर्षं एकमेकांशी भांडून त्यांना एकमेकांची भाषा कळली होती.

तुम्हाला माझा सल्ला हाच आहे. पुनर्वसनाचा जाडजूड आराखडा नंतर कधीतरी करा किंवा करूही नका, पण पूर आल्यावर जी भांडणं होणारच आहेत ती आत्ता, अंगण कोरडं असताना करून घ्या. चारशे घरांना ती कोणती हे सांगायला इंजिनियर लागत नाही. तुमच्या पत्रातच अर्धी दिसतात.

सगळ्यात अवघड भांडण काठावरच्या तीस घरांचं. ते टाळलं तर काय होतं, ते न्यू ऑर्लिन्सला घडलं. ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. जानेवारी २००६ मध्ये महापौरांनी नेमलेल्या आयोगाची एक योजना वर्तमानपत्रात नकाशासह छापून आली. सखल वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके होते, म्हणजे इथे पुढे बागा आणि मोकळ्या जागा होऊ शकतात. हजारो माणसं तेव्हा दुसऱ्या शहरांत, नातेवाइकांकडे, हॉटेलांत होती. आपलं घर आता हिरवा ठिपका झालं आहे हे त्यांना पेपरातून कळलं. असा संताप उसळला की सखल भागाचं काय करायचं हा मुद्दाच पुढे कोणी हातात धरेना. खरं तर तो मुद्दा रास्त होता. पाणी तिथे पुन्हा येऊ शकतं, ही गोष्ट नकाशावरून ठिपका पुसल्याने बदलत नाही. पण ज्यांचं घर जायचं त्यांना न विचारता, त्यांच्या पाठीमागे, सर्वांत वाईट महिन्यात तो मांडला गेला. ठिपक्याखाली आलेल्या ब्रॉडमूर वस्तीने गल्लीगल्लीला एकेक माणूस नेमून विखुरलेले शेजारी शोधून काढले, स्वतःचा आराखडा केला आणि वस्ती पुन्हा उभी केली. मला त्यांचं कौतुक आहेच. पण एवढी शक्ती त्यांना "आम्हाला जगू द्या" हे सिद्ध करण्यात घालावी लागली, याचं वाईटही वाटतं.

उलट उदाहरण अमेरिकेतल्याच व्हॅलमेयर या छोट्या गावाचं. नऊशेच्या आसपास माणसं. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरात गाव बुडालं आणि गावकऱ्यांनी अख्खं गाव दोन-तीन किलोमीटरवरच्या उंच टेकाडावर हलवायचं ठरवलं. त्यांनी स्वतःच समित्या केल्या आणि घरं, रस्ते, दुकानं अशी एकेक बाजू वाटून घेतली. तरीही नवं गाव उभं राहीपर्यंत काही वर्षं गेली, आणि वाट पाहून कंटाळलेली काही कुटुंबं कायमची दुसरीकडे गेली. जागा आधीच हेरून ठेवलेली असती, कोणत्या अटींवर हलायचं हे आधीच बोललेलं असतं, तर त्यातली किती थांबली असती, असा विचार मनात येतोच.

म्हणून तीस घरांपुढे "तुम्ही उठा" हे वाक्य ठेवूच नका. प्रश्न असे ठेवा: पुन्हा मोठा पूर आला आणि घर राहिलंच नाही, तर तुम्ही कोणत्या अटींवर दुसरीकडे राहाल? इथून किती लांब? शेजारी कोण हवं? कामावर कसं जाणार? रिकामी झालेली काठाची जमीन कोणाची राहील आणि तिथे काय होईल? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. गरिबाला "धोक्याची जागा" म्हणून उठवायचं आणि दोन वर्षांनी तिथे दुसऱ्या कोणाची इमारत उभी राहायची, या भीतीपोटी माणसं पाण्यात राहायला तयार होतात. ती जमीन कायम मोकळी राहील, पावसाळ्यात नदीला पसरायला असेल, हे सगळ्यांनी मिळून लिहून ठेवा. आणि हलायचं तर गल्लीच्या गल्ली एकत्र हलेल हेही लिहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. नव्या गावांत घरं भक्कम होती आणि रस्ते रुंद, सरळ होते. पण शेजार विस्कटला, अंतरं वाढली, आणि जुन्या गावची सवय असलेल्या माणसांना ती मोकळीक अंगावर येऊ लागली. त्याच वेळी ज्या शेकडो गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. योजना काय आहे, हप्ता कधी मिळेल, भिंत कशी मजबूत करायची, हे त्या घरोघर सांगत आणि घरातलं गाऱ्हाणं वर पोहोचवत. तुमच्या वस्तीत अशा बायका आत्ताच कोण आहेत, त्यांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा बरी ठाऊक असणार.

आता मधल्या काळाचं. पाणी ओसरल्यापासून पक्कं घर होईपर्यंतचा हा काळ लोक दोन-चार महिन्यांचा धरतात. कोबेत तात्पुरत्या घरांतला शेवटचा मुक्काम हलायला जवळपास पाच वर्षं लागली. तिथे आणखी एक गोष्ट घडली, आणि मी ती प्रत्येक समितीला सांगते. तात्पुरती घरं वाटताना वृद्ध आणि अपंग यांना प्राधान्य दिलं आणि सोडती काढल्या. कागदावर याहून न्याय्य काय असेल? पण त्यामुळे शेजार फुटला. एकटी म्हातारी माणसं अनोळखी रांगेत येऊन पडली. दार वाजवणारं कोणी नव्हतं, आणि काही जण घरातच मरून पडल्याचं दिवसांनी लक्षात आलं. जपानने यातून धडा घेतला. ऑक्टोबर २००४ मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी या डोंगराळ गावातली दोन हजारांहून अधिक माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. त्यांची तात्पुरती घरं पाड्यांप्रमाणे दिली गेली, जुना शेजारी तिथेही शेजारी राहिला. गाव परतायचं एकमेकांना बजावत राहिलं आणि पुढच्या तीन वर्षांत बरीच कुटुंबं खरोखर परत डोंगरावर गेली.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. तरुणपणी एका निवारा केंद्रात मी सहा आठवडे नोंदवही सांभाळली. कुटुंबात माणसं किती यावरून मी खोल्या वाटत होते आणि काम नीट करते आहे याचं मला समाधान होतं. एक आजी रोज येऊन विचारायच्या, "आमच्या समोरचे कुठल्या खोलीत आहेत?" मी रोज सांगायचे, आजी, आत्ता कामात आहे. समोरचे म्हणजे त्यांना औषध काढून देणारी, अंगणात हाक मारणारी माणसं, हे मला चौथ्या आठवड्यात कळलं. तोवर त्या जेवेनाशा झाल्या होत्या. तुमच्या यादीत अंथरुणाला खिळलेल्यांची नावं आहेत ना? प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा: यांच्याजवळ कोण राहायला हवं.

मोकळ्या मैदानाचं भांडणही आत्ताच करा. बहुतेक वस्त्यांत सपाट, उंच, मोकळी अशी एकच जागा असते, आणि आपत्तीनंतर ती सगळ्यांना हवी असते. मदतीचे ट्रक तिथे, तंबू तिथे, राडारोडा तिथे, तात्पुरती घरं तिथे. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये कित्येक शाळांच्या मैदानांवर तात्पुरती घरं उभी राहिली आणि पुढची काही वर्षं मुलांना धावायला जागा उरली नाही. गाळ आणि राडारोडा कुठे नेऊन टाकायचा, हे एक साधं उत्तर आधी ठरलेलं असलं तरी महिने वाचतात. तो मैदानावर पडला की तिथून हलत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात सांगते, कारण यात वाद फारसा नाही, आळस आहे. न्यू ऑर्लिन्सला घरदुरुस्तीच्या अनुदानाची मोठी योजना आली तेव्हा अनेक कुटुंबं अडली, कारण घर कधीच वारलेल्या आजी-आजोबांच्या नावावर होतं आणि वारसांची नोंद कोणी केलीच नव्हती. त्याच योजनेत आधी घराची बाजारातली किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी ते धरलं जाई. गरीब वस्तीत घराचा भाव कमी, म्हणून तितक्याच मोडलेल्या घराला पैसे कमी. त्यावर कोर्टात जावं लागलं. तुम्ही वारसनोंदी करून घ्या, घराच्या कागदावर बाईचं नाव आहे का पाहा, प्रत्येक घराचे आतून-बाहेरून फोटो काढा आणि त्याच्या प्रती वस्तीबाहेर ठेवा. आणि भाडेकरूंची वेगळी यादी करा. नुकसानीच्या नोंदीत घरमालक दिसतो, भाडेकरू दिसत नाही. पाणी मात्र दोघांच्या घरात सारखंच शिरतं.

घर कोण बांधणार, हाही प्रश्न आधी बोलून ठेवण्यासारखा आहे. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेत बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांनी आपलं घर स्वतः बांधलं. पैसा हप्त्यांनी येई आणि बांधकाम भूकंपाला टिकेल असं झालं आहे का, हे पाहून पुढचा हप्ता मिळे. संस्थेने किल्ली हातात ठेवलेल्या घरापेक्षा मला हा मार्ग जवळचा वाटतो. पण तो ज्यांच्या घरात धडधाकट माणूस नाही त्यांना झेपत नाही. अशी घरं कोणती, त्यांचं बांधकाम कोण अंगावर घेईल, हे ठरवून ठेवा. वस्तीतल्या गवंड्यांना पाण्यात टिकणाऱ्या पायाचं, जोत्याचं शिक्षण आत्ताच मिळवून द्या. तेव्हा ते सगळीकडे हवे असतील, आणि शिकायला त्यांना उसंत नसेल.

रोजगाराकडे दुर्लक्ष होतं. घर आलं आणि काम नसलं तर माणूस घराला कुलूप लावून निघून जातो. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या रिकुझेनताकाता शहराने डोंगर कापून अख्खं केंद्र कित्येक मीटर उंच केलं. जमीन तयार झाली तोवर वर्षं उलटली होती आणि बरेच जण दुसरीकडे रुजले होते. सुरक्षित केलेले कितीतरी भूखंड रिकामे राहिले. त्याच किनाऱ्यावरच्या मिनामिसानरिकूत मात्र वर्षभराच्या आत तात्पुरत्या दुकानांची वसाहत सुरू झाली. माणसं एकमेकांना भेटू लागली, हातात पैसा फिरू लागला. वस्तीतल्या छोट्या दुकानदारांना, शिवणकाम करणाऱ्यांना, दुरुस्तीवाल्यांना विचारा: पहिल्या महिन्यात तुम्हाला किती जागा आणि कोणतं एक यंत्र मिळालं तर काम सुरू होईल? त्यांची उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी छोटी असतात.

हे सगळं कोणाच्या तोंडून बोललं जाईल, हेही ठरवा. मदत घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, "इथला प्रमुख कोण?" आणि जो पहिला पुढे येतो तो प्रमुख होतो. पाच जणांची नावं आत्ता लिहा. त्यात काठावरच्या घरांतलं एक, भाडेकरूंमधलं एक, निदान दोन बायका, आणि तेव्हाचं तेव्हा बघू म्हणणाऱ्यांपैकी एक मुलगा असू द्या. त्यातलं कोणी पुरातच सापडलं तर त्यांच्या जागी कोण, तेही लिहा.

जमेल का, असं तुम्ही विचारलंत. कोबेनंतर टोकियोने आपत्तीच्या आधीच पुनर्उभारणीचा विचार करायचा म्हणून एक पद्धत बसवली. तिथल्या वस्त्यांत रहिवासी स्वतः गल्ल्यांतून फिरतात, हे सगळं पडलं आहे असं धरून चालतात आणि तात्पुरती घरं कुठे, दुकानं कुठे, रस्ता कुठून, यावर नकाशाभोवती बसून वाद घालतात. आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी झालेल्या २०१५ च्या सेंदाई आराखड्यातही देशांनी मान्य केलं आहे की पुनर्उभारणीची तयारी आपत्तीच्या आधी व्हायला हवी. तुम्हाला सुरुवातीला एक मोठा कागद, वस्तीचा हाताने काढलेला नकाशा आणि एक संध्याकाळ पुरेल. एका बैठकीत एकच भांडण घ्या. मैदानाचं आधी घ्या, तीस घरांचं शेवटी, कारण तोवर लोकांना एकमेकांचं ऐकायची थोडी सवय झालेली असेल. जे ठरलं ते आणि जे ठरलं नाही तेही वहीत लिहा. न ठरलेल्याची नोंद फार कामाची असते. पूर आलाच तर तुमची चर्चा शून्यापासून सुरू होत नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी वही पुन्हा उघडा, कारण माणसं बदलतात, घरं विकली जातात, मुलं मोठी होतात.

राहता राहिल्या तुमच्या मावससासूबाई. त्यांचं घर नकाशावर येण्याआधी त्यांच्याकडे जा. एकट्या जा, वही नेऊ नका. त्या घरात त्या कधी आल्या, आधीच्या पुरात काय वाचवलं, काय गेलं, हे विचारा आणि त्या बोलतील तितका वेळ बसा. उठायच्या आधी एकच विचारा: "कधी इथून हलावंच लागलं, तर सोबत काय आणि कोण हवं?" त्या रागावल्या तर वाद घालू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. आणि त्यांनी उत्तर दिलं, तर ते बैठकीत तुम्ही सांगू नका. त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांनाच बोलू द्या. आजोबांच्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवा.